गारव्याचा बांध

"सूर्य ही कुणाच्याही बापाची जहागीर नाही!" असं त्र्यंबक गावंडे सरांनी भर सभेत, उजवा हात थेट आभाळाकडे नेऊन जाहीर केलं, आणि ऊन डोळ्यांवर आलं म्हणून खुर्ची उचलून सावलीत नेली.

सावलीत आधीच बसलेल्या मंडळींना त्यासाठी सरकावं लागलं. त्यांतले शालिग्राम इंगळे सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "जहागीर नाई, पण सरांसाठी राखीव सीट हाये वाटते."

इंगळे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी आयुष्यभर गाड्या सुटल्याच्या घोषणा केल्या, त्यामुळे त्यांना कुजबुजता येत नसे. सर भूगोलाचे. त्यांना थांबता येत नसे. दोघं रोज संध्याकाळी नाल्याच्या पुलावर बसत. एक बोले, दुसरा टोमणे मारी, आणि दोघांचीही गरज भागे.

वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी ही ज्ञानदीप कॉलनी. अर्धी शिक्षकांची, अर्धी एस.टी.वाल्यांची. मधल्या मोकळ्या जागेला नकाशात 'क्रीडांगण' म्हटलं होतं. तिथे लग्नाचे मांडव पडत आणि एरवी कचरा जळे. खेळ असा तेवढाच. आता सरकारचा नवा कायदा आला होता की प्रत्येक वस्तीनं आपली वीज आपल्याच हद्दीत पिकवायची. त्यासाठी क्रीडांगणाचा झोन 'निवासी'चा 'ऊर्जा' व्हायचा होता, आणि नगररचना खात्याचे साहेब हरकती ऐकायला आले होते.

हरकतींना तोटा नव्हता. सौरपत्र्यांच्या चकाकीनं पाखरं आंधळी होतील. कॉलनीची शोभा जाईल. मुलं खेळणार कुठे, असं एकानं विचारलं. त्याला मूलबाळ नव्हतं. दुसऱ्यानं सांगितलं की दारासमोर कारखाना दिसला तर मुलींची स्थळं परत जातील. साहेब सगळं लिहून घेत होते आणि दर हरकतीला पाण्याचा एक घोट घेत होते.

शेवटी सरांनी तोडगा काढला. होऊ द्या सौरशेत, पण चहूबाजूंनी नऊ फुटी भिंत हवी. दृष्टीआड सृष्टी. मसुदा त्यांनी जागीच लिहिला, आणि त्यातलं एक वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचलं : "सदर भिंतीस कोणत्याही प्रकारचे छिद्र, जाळी, मोरी अथवा फट ठेवण्यात येऊ नये, व यात मूळ हरकतदाराच्या संमतीशिवाय बदल करण्यात येऊ नये."

"सर," इंगळे म्हणाले, "माझं घर नाल्याच्या बाजूनं, उताराखाली. तुमची भिंत माझ्या अंगणाले टेकते. हवा कुठून येईन मले?"

"नाल्याकडून येईल."

"नाल्याकडून जे येते त्याले हवा नाई म्हणत."

सगळे हसले. सरही हसले. भिंत मंजूर झाली. सरांचा एकच मुद्दा हरला : पत्रे धुण्याची गाडी आत जायला जाळीचं फाटक लागणार होतं, ते साहेबांनी नेमकं सरांच्या घरासमोर, खालच्या अंगाच्या कोपऱ्यात ठेवलं. सरांनी त्याचा लेखी निषेध केला.

---

पत्रे आले. दिसायला काळसर निळे, पुठ्ठ्याएवढे जाड. दिवसा ते उन्हाची वीज करत, त्यात नवल नव्हतं. खरी खुबी रात्रीची होती.

कोणतीही वस्तू आपली उष्णता बाहेर टाकत असते. डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच तो. बरीचशी उष्णता हवेत अडकते आणि हवा ती पुन्हा आपल्याच अंगावर टाकते. पण कोरड्या, निरभ्र हवेला एक झरोका असतो. ठरावीक लहरींची उष्णता ती अडवत नाही. ती सरळ वर, वातावरणाबाहेर, अवकाशाच्या अथांग गारठ्यात निघून जाते. या पत्र्यांवरचा लेप नेमक्या त्याच लहरींतून उष्णता फेकत असे. सूर्य मावळला की पत्रे आभाळाकडे तोंड करून दिवसभराची ऊब उधळायला लागत आणि बघता बघता भोवतालच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी गार होत.

पत्रा गार राहिला तर जास्त टिकतो, एवढाच शोध लावणाऱ्यांचा हेतू होता. पत्र्याला टेकलेली हवाही गार होईल आणि तिला कुठंतरी जायला जागा लागेल, हा विचार त्यांनी केला नव्हता. जागेचा विचार नगररचना खात्यानं करायचा असतो.

कॉलनीत ही गोष्ट सर्वांत आधी कळली ती एका मांजरीला.

इंगळ्यांची पिठी ही पिठासारखी पांढरी आणि स्वभावानं निवृत्त अधिकाऱ्यासारखी. मार्चअखेरीस ती एका संध्याकाळी सरांच्या ओट्यावर येऊन बसली, आणि उठेचना. सरांच्या पत्नी निर्मलाबाईंनी दूध घातलं. ते पिऊन तिनं फाटकाकडे तोंड करून डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी ओट्यावर शेजारच्या गल्लीतली कुत्रीही आली. मांजरीनं त्यांच्याकडे पाहिलं, कुत्र्यांनी मांजरीकडे पाहिलं, आणि कुणीच काही बोललं नाही. सर चकित झाले. कॉलनीच्या सर्वसाधारण सभेत असा समजूतदारपणा त्यांनी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात पहाटे सरांना जाग आली ती पायथ्याची चादर ओढून घ्यायला.

चादर! एप्रिलच्या तोंडावर, वऱ्हाडात! त्या वर्षी दिवसाचा पारा सत्तेचाळिशीत होता आणि रात्रीचा पस्तिशीखाली उतरायला तयार नव्हता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळे कूलर कोरडे. रात्री साठ्यातली वीज फ्रिज आणि पंख्यापुरतीच मिळे, एसीला बंदी. सगळं गाव गच्चीवर तळमळत असताना गावंडे सर चादर पांघरून घोरत होते.

कन्या तन्वी बाळंतपणाला माहेरी आली ती याच सुमारास. आठवा महिना लागलेला. पाय सुजलेले, रक्तदाब वर. "तिकडे दीड महिना नीट झोपले नाही गं आई," म्हणत ती आडवी झाली आणि थेट सकाळी उठली. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि दुसऱ्यांदा मोजला. "काय केलंत? असंच चालू ठेवा."

निर्मलाबाईंनी फाटकाला हळदकुंकू वाहिलं.

---

इंगळे मांजर न्यायला आले. ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग पाय मागे घेतला, पुन्हा ठेवला.

"सर, तुमच्या घरी काहून थंड हाये?"

सरांना प्रश्न विचारला की ते शिकवत. "हे बघा इंगळे, सोपं आहे. थंड हवा जड असते. जड म्हणजे ती पाण्यासारखी वागते. डोंगरावर रात्री हवा थंड होते आणि उतारावरून घसरत दरीत जाऊन साचते. त्याला डोंगरी वारे म्हणतात, नववीला होतं. आता हे पत्रे म्हणजे डोंगर धरा. गार हवा त्यांच्यावरून घसरते, उतारानं खाली निघते. खाली नाला. म्हणजे तुमच्या घराकडे. तिथे मध्ये…"

इथे सर थांबले. त्यांना कुणी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"तिथे मंधात तुमची भिंत हाये," इंगळ्यांनी वाक्य पुरं केलं. "धरण बांधलं तुमी. अन् कालव्याचं तोंड स्वतःच्या दारात."

"फाटकाला माझा लेखी विरोध होता."

"तो आठोते मले." इंगळे खाली बसले. त्यांची बनियन पाठीला चिकटली होती. "दोन भोकं पाडू, सर. खालच्या अंगाले. आमची नाल्याची गल्ली भट्टी झाली. हिच्या छातीत कळ येते, तुमाले ठाऊक हाये. डॉक्टर म्हणते, रात्री थंड ठेवा. कशात ठेवू? रांजणात?"

'ही' म्हणजे प्रमिलावहिनी. तन्वी लहानपणी शाळेतून आधी त्यांच्या घरी जायची आणि मग आपल्या.

"पाडू की," सर म्हणाले. "रीतसर अर्ज करू."

"अर्ज कायले? तुमची संमती पाह्यजे, तुमीच लिहिलं. द्या."

आतून तन्वीच्या खोकल्याचा आवाज आला. सर म्हणाले, "आधी जरा तज्ज्ञांना विचारून घेतो."

इंगळ्यांनी पिठीला बखोटीला धरून उचललं. पुलापर्यंत गेले असतील नसतील, ती परत आली. मागून इंगळे दिसले, पण ते लांबच थांबले, आणि मग वळून गेले.

---

तज्ज्ञ म्हणजे सौरशेत सांभाळणारी वाठोडकर नावाची तरुण इंजिनिअर. तिनं जमिनीवर काठीनं रेघ मारून सांगितलं, "सर, हवा सगळ्यात खालच्या वाटेनं जाणार. नाल्याकडच्या भिंतीला तळात भोकं पाडली, की गारवा तिकडं. तुमच्या फाटकातून मग नेहमीचीच हवा."

"थोडी तिकडे, थोडी इकडे असं नाही का करता येणार?"

"हवेला समजावता आलं असतं तर मी इथं पत्रे धूत बसले असते का?"

घरी निर्मलाबाई म्हणाल्या, "एवढं बाळंतपण होऊ द्या. महिन्याभरानं काय बिघडते?" त्यात चूक काय होतं? सरांनी खूप शोधलं. चूक सापडली नाही, आणि म्हणूनच त्यांना बरं वाटेना.

एव्हाना कॉलनीचं मन पालटलं होतं. ज्यांच्या मुलींची स्थळं परत जाणार होती, तेच आता संध्याकाळी सतरंजी घेऊन सरांच्या गल्लीत येत. पाखरांच्या कैवाऱ्यानं आपल्या घराशेजारीही ऊर्जा झोन व्हावा म्हणून अर्ज दिला. सरांच्या ओट्यावर जागा धरायला दुपारीच उशा येऊन पडत. तीस वर्षं ज्यांनी सरांना पाहून रस्ता बदलला, ते आता 'सर, काही सांगा ना' म्हणत. सर सांगत. ऐकणारे घोरत.

नाल्याकडच्या लोकांनी भिंत फोडायचा अर्ज केला तेव्हा फाटकाच्या गल्लीनं त्यावर हरकत घेतली. सुनावणीला तेच साहेब, तीच पाण्याची बाटली. इंगळे पुढच्या रांगेत बसले होते, सरांकडे न बघता.

"मूळ हरकतदार काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

सर उभे राहिले. संमती आहे, हे दोनच शब्द होते. मागच्या खुर्च्यांवर उशावाले बसले होते. घरी तन्वी झोपली होती. सरांनी घसा साफ केला आणि ते फार सुंदर बोलले. विज्ञान, समतोल, सर्वांचं हित. शेवटी त्यांनी एक अभ्यास समिती नेमण्याची सूचना केली. टाळ्या पडल्या. साहेबांनी आनंदानं बाटलीचं झाकण लावलं.

बाहेर पडताना इंगळे एवढंच म्हणाले, "गाडी क्रमांक शून्य, अनिश्चित काळासाठी रद्द."

त्या दिवसापासून पुलावर एकच माणूस बसू लागला. तो कुणाला टोमणे मारणार?

---

प्रमिलावहिनी एका संध्याकाळी तन्वीसाठी कैरीचं पन्हं घेऊन आल्या. ओट्यावरच्या सतरंज्यांमधून वाट काढत आत आल्या, तन्वीच्या पलंगाच्या कडेला टेकल्या. पिठी लगेच मांडीवर.

"किती गार वाटते बाप्पा," त्या म्हणाल्या. नुसत्या बसून राहिल्या, डोळे मिटून, एखादं गाणं लागल्यासारख्या.

"वहिनी, राहा ना आज इथंच," निर्मलाबाई म्हणाल्या. "माझ्या खोलीत गादी टाकते."

"अन् हे? हे काही यायचे नाईत तुमच्याकडे. तुमाले ठाऊक हाये त्यांचं. मी गारव्यात झोपू अन् ते तिकडं एकटे…" त्या उठल्या. तन्वीच्या पोटावर हात ठेवला. "पोट खाली आलं हो. पोरगी होईन." दाराशी त्यांनी पिठीला खाली ठेवलं. "तू राह्य. तुले काय नवरा हाये."

सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांनी ते खाली केलं नाही.

पुढच्या आठवड्यात उष्णतेची लाट आली. चार रात्री पारा अडतिशीवर राहिला. पाचव्या दिवशी सकाळी इंगळ्यांच्या घरासमोर माणसं जमलेली दिसली, आणि सर अनवाणीच धावले. वहिनी अंगणात होत्या. रात्रीत कधीतरी ओल्या लुगड्यानं अंग पुसायला म्हणून उठल्या, आणि भिंतीला पाठ लावून बसल्या, त्या तशाच. पलीकडच्या गारव्यानं भिंत थोडी गार लागते, असं त्या म्हणायच्या, असं कुणीतरी सांगितलं.

इंगळे खाटेवर बसले होते. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इंगळ्यांनी तो काढला नाही, आणि त्यामुळे सरांना तो कधी उचलावा हे कळेना.

---

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, गावंडे सर माळ्यावरची पहार घेऊन निघाले. फाटकाची किल्ली त्यांनी वाठोडकरकडून आधीच मागून घेतली होती. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही.

पत्र्यांच्या रांगांमधून ते नाल्याकडच्या भिंतीशी गेले. पहिला घाव घातला तेव्हा पहार उलट उसळून त्यांच्याच हातांना झिणझिण्या आल्या. भिंत मजबूत होती. बांधकामाच्या दर्जावर त्यांनी स्वतः लक्ष ठेवलं होतं.

आवाजानं लोक जमले. फाटकाची गल्ली पुढे, सतरंज्यांसह.

"सर, हे बेकायदा आहे!" पाखरांचा कैवारी ओरडला. त्यानं मोबाईल काढून वाचूनही दाखवलं : "सदर भिंतीस कोणत्याही प्रकारचे छिद्र, जाळी, मोरी अथवा फट…"

"वाक्य चांगलं आहे," सर धापा टाकत म्हणाले, "पुन्हा वाचा." आणि पुन्हा घाव घातला.

"समितीचा अहवाल तरी येऊ द्या!"

"समितीत मीच आहे."

"सर, तुमच्याच घरचा गारवा जाईल. पोरगी दिवसांत आहे तुमची!"

हा घाव मात्र बसला. सरांचा हात खाली आला. गर्दीतून वाट काढत तन्वी पुढे येत होती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पिठी, घामानं केस कपाळाला चिकटलेले. ती काय म्हणेल याची सरांना धास्ती वाटली. तिचा दाब, तिची झोप, आठ-दहा दिवसांवर आलेली तिची तारीख. हा सगळा हिशेब त्यांनी पहार काढताना केला होता आणि तो जुळला नव्हता. तरी ते आले होते.

तन्वीनं भिंतीला पडलेल्या खोकेकडे पाहिलं. सरांच्या छातीइतक्या उंचीवर होती ती.

"बाबा," ती म्हणाली, "इथं पाडून काय उपयोग? तळाशी पाडा. थंड हवा खालून जाते. नववीला होतं."

सर गुडघ्यांवर बसले. बसताना गुडघे वाजले. पायाजवळची वीट आधी हलली, मग सैल झाली, मग पलीकडे पडली. दुसरी निघाली. तिसरीपाठोपाठ चौथी आपणहून आली. तोवर सूर्य बुडाला होता आणि पत्रे आपल्या कामाला लागले होते. सरांना पाठीमागून काहीतरी पायांवरून सरकत गेल्यासारखं वाटलं, गार, संथ, पाणी सोडल्यासारखं. भोकाच्या तोंडाशी पडलेलं लिंबाचं एक वाळलं पान हललं आणि पलीकडे गेलं.

मागे फाटकाच्या गल्लीतली माणसं सतरंज्या गुंडाळू लागली होती. काहींनी तर पत्ता बदलल्यासारखी नाल्याकडची वाट धरली.

भोकाच्या पलीकडे एक खाट दिसत होती. खाटेचे पाय, आणि माणसाचे दोन पाय, पायांत वहिनींच्या जुन्या स्लिपर. मग इंगळे वाकले, हात टेकून जमिनीवर बसले, आणि त्यांचा चेहरा भोकात आला. चेहरा गेल्या दोन आठवड्यांत निम्मा झाला होता.

सरांनी बोलायचं सगळं ठरवून आणलं होतं. आपण काय केलं, का केलं, माणूस स्वतःच्या लेकरापुढे कसा आंधळा होतो, सुनावणीच्या दिवशी दोन शब्द बोलायचे होते त्याऐवजी अर्धा तास कसे बोललो; तीस वर्षांच्या मैत्रीला साक्ष ठेवून क्षमा मागायची होती. त्यांनी ओठ ओले केले.

"शालिग्राम, आज मी तुमच्यापुढे…"

"सर," इंगळे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका हळू होता, की तो ऐकायला सरांना भोकाशी कान न्यावा लागला.

"भाषण राहू द्या. ते मांजर तेवढं इकडं द्या."